वय तीनशे बारा, धंदा जादू

"चतुःसीमा सांगा."

कुणीही काहीही सांगायला लागलं की त्यांचं हे ठरलेलं. एकदा मी म्हटलं, "काका, आज डोकं फार दुखतंय हो." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं नाही की मान वर केली नाही. "चतुःसीमा सांगा. पूर्वेस कुठवर दुखतंय? कानापर्यंत, की कानाच्या अलीकडे?"

आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्हीच सांगा.

तसा त्यांचा धंदाच तो. रत्नागिरीत दस्तनोंदणीच्या कचेरीबाहेर पत्र्याची एक लांब शेड आहे. तिथे टेबल टाकून ते लोकांचे दस्त लिहायचे. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, नाहीतर नुसता अर्ज. जमिनीच्या कागदात तिच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. पूर्वेस अमक्याची कलमं, पश्चिमेस पायवाट, तीच चतुःसीमा. चाळीस वर्षं हेच लिहिल्यावर माणसाला डोकेदुखीलाही कुंपण घालावंसं वाटत असेल. त्यांच्या शेजारच्या गाळ्यात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. मी आले आणि त्यांच्या टेबलापुढची गर्दी कमी झाली, पण तो राग त्यांनी माझ्यावर कधी काढला नाही, माझ्या प्रिंटरवर काढला. "हे यंत्र वाचत नाही, नुसतं ओकतं," म्हणायचे. मला झेरॉक्सबाई म्हणायचे.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. त्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण नुसतं नाव लिहिलेलं त्यांना आजही खपणार नाही. "वय, धंदा, राहणार नसेल तर ते नाव नव्हे, ती नुसती हाक," असं त्यांचं मत. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "साक्षीदार दोन मिळाले. वधू मिळाली नाही."

दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं लिहिणं म्हणजे त्यांना शिक्षा वाटायची. एक म्हातारी आली होती अर्ज लिहायला. रडत रडत म्हणाली, "माज्या पोरानं माका घराभायेर काढलान." काकांनी लिहिलं, 'अर्जदार हिस तिच्या मुलाने राहत्या घरातून बेदखल केले असे.' वाचून दाखवलं. म्हातारी म्हणाली, "बेदखल नाय ओ, भायेर काढलान." "तेच ते," काका म्हणाले. ती बिचारी अंगठा उठवून गेली, पण जाताना माझ्याकडे बघून मान हलवून गेली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होती, मग तुमच्यापासून कशाला लपवा? काकांना एक धाकटी बहीण होती, सुमन, राजापूरला दिलेली. अठरा वर्षं ती त्यांच्या दारात आली नव्हती. राखी नाही, भाऊबीज नाही, फोन नाही. वडील गेल्यावर तिने घराच्या कलमबागेवरचा आपला हक्क सोडून दिला होता. आपल्याकडे बहिणी सोडतातच. हक्क सोडला की माहेर राहतं, असं सांगून सोडायला लावतात. हिचं हक्कसोडपत्र काकांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, हिने सही केली, आणि माहेर सुटलं ते कायमचं. असं का झालं ते काका कुणाला सांगत नव्हते. भाऊबीजेला शेड बंद असते. एकदा मी विसरलेला चार्जर न्यायला आले, तर हे एकटेच इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी बसलेले. "गिऱ्हाईक येणार आहे," म्हणाले. कुठलं गिऱ्हाईक नि काय.

तर अशा माणसाला जादूगार व्हायची बुद्धी झाली.

त्याला कारण आमची मृणाल. ही दातांची डॉक्टर, शेडच्या मागच्या इमारतीत तिचा दवाखाना. पुण्याला शिकताना हॉस्टेलमध्ये एक खेळ शिकून आली होती. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं, आणि पात्राला काय जमलं, काय फसलं, ते फासे टाकून ठरवायचं. मोबाईल दुरुस्त करणारा इरफान लढवय्या झाला. मी चोरटी झाले, कारण म्हणे मला शोभतं. रविवारी दुपारी माझ्या दुकानात मोठं टेबल आणि पंखा रिकामा असतो, म्हणून खेळ तिथे. पहिल्या दिवशी मला वाटलं, शिकलेल्या माणसांना वेड लागलं की असं लागतं. तिसऱ्या रविवारी मीच सगळ्यांच्या आधी येऊन बसले होते.

एका रविवारी काका विसरलेला कागद न्यायला आले आणि दारात उभे राहून ऐकू लागले. आम्ही राक्षसाच्या गुहेत शिरत होतो. काकांनी घसा खाकरला. "ही गुहा कुणाच्या मालकीची?"

मृणाल म्हणाली, "राक्षसाची, काका."

"कब्जा आहे की मालकी?"

पुढच्या रविवारी काका सगळ्यांच्या आधी माझ्या खुर्चीत बसलेले.

त्यांनी जादूगार निवडला. मृणालने पात्राची माहिती लिहायला कागद दिला, तर नावापुढे झोकात लिहिलं, 'वय वर्षे तीनशे बारा, धंदा जादू, राहणार काळोखी घाटी, तालुका माहीत नाही.' मग विचारलं, "मंत्र कुठल्या भाषेत म्हणायचे?"

"काहीही म्हणा हो काका. छू मंतर म्हटलंत तरी चालेल."

काकांना ते लागलं. "काहीही बडबडून आग लागत असती, तर या कचेरीच्या आवारात रोज आग लागली असती," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आले.

तीन आठवडे त्यांनी आम्हाला ताकास तूर लागू दिली नाही. गिऱ्हाईक नसलं की वहीत डोकं. मी डोकावले की हात आडवा. संस्कृतातून शब्द घ्या की, मी सुचवलं. "नको. तिथे आधीच गर्दी आहे." मग उर्दू? "ती आमची धंद्याची, दस्तातले निम्मे शब्द तिच्यातलेच. तिच्यात मी जादू केली तर पक्षकार येतील." संध्याकाळी भाट्याच्या पुलावर जाऊन उभे राहायचे, खाडीकडे तोंड करून एकेक शब्द मोठ्याने म्हणून बघायचे. मासळीवाल्या बायका म्हणायला लागल्या, काकांचं काहीतरी बिनसलंय. मी त्यांना सांगितलं, बिनसलं नाही, भाषा होतेय. त्या माझ्याकडेही तशाच बघायला लागल्या.

शेवटी भाषा आली. आगीला 'सारुम', पाण्याला 'ओलेश', उगवतीला 'वेन', मावळतीला 'लोश'. ऐकायला बरी होती हो, खोटं कशाला बोलू? पण पहिलाच मंत्र घातला आणि आम्ही कपाळाला हात लावला. राक्षस सोटा घेऊन अंगावर येतोय, इरफान ओरडतोय, "काका, जाळा त्याला!" आणि काका शांतपणे म्हणताहेत, "सारुम ते वेन, पूर्वेस भिंतीपर्यंत. सारुम ते लोश, पश्चिमेस पाण्याच्या कुंडापर्यंत, कुंड वगळून. उत्तरेस इरफानची ढाल, ती वगळून..." आगीची चतुःसीमा! दक्षिण यायच्या आत राक्षसाने त्यांना सोटा हाणला. मृणाल हसून हसून खुर्चीतून खाली यायची राहिली.

"हसा," काका म्हणाले. "पण तुमच्यापैकी कुणाला चटका बसला का?"

नव्हता बसला, हे कबूल करायला हवं.

त्या भाषेत आणखी एक कायदा होता. जिवंत माणसावर मंत्र घालायचा तर आधी त्याला विचारायचं, "तोलमे?" म्हणजे, तुझ्या मनात आहे का? आणि त्याने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं, "तोलमे." त्याशिवाय मंत्र लागू नाही. मग तो मंत्र त्याच्या भल्याचा का असेना. जखम भरायची, तोलमे? खांद्यावर उजेड लावायचा, तोलमे? इरफान कंटाळून म्हणायचा, "काका, तोलमे, तोलमे, तोलमे. महिन्याचे आगाऊ देऊन ठेवतो."

"आगाऊ संमती ग्राह्य नाही," काका म्हणायचे.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं तोवर ठीक होतं. मग तो रविवार आला. इरफानचा लढवय्या सहा महिने जपलेला, त्याच्या तलवारीला त्याने नाव ठेवलेलं. तो जखमी होऊन पडला. काकांच्या जादूगाराकडे जखम भरायचा मंत्र होता. काकांनी विचारलं, "तोलमे?" आणि नेमका तेव्हाच इरफानला दुकानातून फोन आला, कुणाचा तरी मोबाईल पाण्यात पडला होता. तो बोलत बोलत बाहेर गेला. मृणालने वाळूचं घड्याळ उलटं केलं. मिनिटभर वेळ, नाहीतर लढवय्या मेला.

मी म्हटलं, "काका, घाला ना मंत्र! त्याचं हो आहे."

"त्याने म्हणायला हवं."

"अहो, मी सांगते ना त्याच्या वतीने! तोलमे!"

काकांनी टेबलावर असा हात आपटला की फासे खाली गेले. "दुसऱ्याच्या वतीने बोलायचं नाही! कुणी बोलायचं नाही!" त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधीच ऐकला नव्हता. वाळू संपली. इरफान आत आला तेव्हा त्याचा लढवय्या मेला होता. "मरू दे, खेळ आहे," तो म्हणाला, पण पोराचा चेहरा पडला तो पडलाच. मृणाल म्हणाली, आपण हे रद्द समजू. काका 'नाही' म्हणाले आणि छत्री घेऊन निघून गेले.

मी कसली गप्प बसते. सोमवारी सकाळी शटर उघडायच्या आधी त्यांच्या टेबलाशी गेले आणि झाडले ताशेरे. म्हटलं, तुमच्या हट्टापायी त्या इरफानचा जीव घेतलात, भाषा म्हणजे काय देवाने दिलेला ताम्रपट आहे? काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसा झेरॉक्सबाई."

आणि त्यांनी सुमनचं सांगितलं. सहीच्या आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "दादा, मला आंबा नको, काय नको. सातबाऱ्यावर नुसतं माझं नाव राहू दे." ते म्हणाले होते, "नाव राहून काय करायचंय तुला?" दुसऱ्या दिवशी इथेच, याच कचेरीत, साहेबांनी तिला विचारलं, "राजीखुशीने सही करताय ना?" ती बोलली नाही. भावाकडे बघत राहिली.

"मी म्हटलं, हो साहेब, राजीखुशीने," काका म्हणाले. "तो शब्द दस्तात असतोच. मी हजार वेळा लिहिलाय. मला वाटलं, मी लिहिलाय म्हणजे तिच्या मनात आहे. तिने सही केली, आणि साहेबांना नमस्कार केला. मला केला नाही."

त्यांचं मला वाईट वाटलं, आणि खरं सांगते, रागही आला. आमच्या घरीही असंच एक हक्कसोडपत्र आहे आणि त्यावर माझी सही आहे. मलाही कुणी विचारलं नव्हतं. काकांना ते मी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "राजापूर काय समुद्रापलीकडे आहे? तिला जाऊन विचारा."

"गेलो तर भाऊ दारात आला म्हणून तिला हो म्हणावं लागेल," ते म्हणाले. "पत्र लिहितो. पत्राला नाही म्हणता येतं."

आणि मग सुरू झाली त्या पत्राची दैना. चाळीस वर्षं लोकांचे कागद लिहिणारा हा माणूस, त्याला बहिणीला चार ओळी लिहिता येईनात. पहिल्या मसुद्याची सुरुवात, 'लिहून घेणार सौ. सुमन, वय वर्षे अठ्ठावन्न.' मी म्हटलं, "काका, बहिणीला पत्र लिहिताय की नोटीस काढताय?" दुसऱ्यात 'सबब' होतं. तिसऱ्यात 'येणेप्रमाणे' होतं. सातवा कागद चुरगाळून ते म्हणाले, "माझी सगळी मराठी दुसऱ्यांच्या वतीने लिहिण्यात गेली हो. स्वतःचं बोलायला काही उरलंच नाही."

"मग तुमच्या त्या भाषेत लिहा," मी वैतागून म्हणाले.

मी थट्टेने म्हटलं होतं. पण त्यांनी दोनशे पानी वही काढली आणि खरंच तिच्यात लिहिलं. तिच्यात 'सबब' नव्हता, 'राजीखुशीने' नव्हता, त्यांनी केलेच नव्हते. बापडे शब्दच दीडशे, त्यात किती लपणार? मग ते जसंच्या तसं मराठीत उतरवलं. मला वाचायला दिलं:

'सुमे, त्या दिवशी मी तुझ्याऐवजी बोललो. ते चुकलं. तुझं नाव परत लावायचं आहे. तुझ्या मनात आहे का? नसलं तरी सांग.'

पाकिटावर पत्ता तेवढा माझ्या प्रिंटरवर छापून दिला. त्या दिवशी प्रिंटरला त्यांनी शिवी दिली नाही.

रजिस्टर पत्र होतं, म्हणून मोबाईलवर माग दिसायचा. "झेरॉक्सबाई, बघा जरा, पोचलं का?" रोज सकाळी.

"काका, पोचलं. परवाच पोचलं. आज काय ते परत निघणार आहे?"

"बघा तरी."

महिना गेला, दुसरा गेला. इरफानने नवीन पात्र घेतलं होतं, तो आता काकांनी विचारायच्या आत खुर्चीवरून उठून 'तोलमे' म्हणायचा आणि फोन बंद करून मगच खेळायला बसायचा. काका खेळायचे, पण मन नसायचं. एकदा तर आगीला तीनच सीमा घातल्या. मृणालने माझ्याकडे बघितलं, मी तिला डोळ्यांनी गप्प राहायला सांगितलं. मला वाटायला लागलं होतं की आपण उगाच शहाणपण शिकवलं. न विचारता निदान आशा तरी होती.

एका बुधवारी टेबलापुढे तीन माणसं होती. तिसरी एक बाई, हातात कापडी पिशवी, केस निम्मे पांढरे. मी नाकावरून ओळखलं. तेच नाक, तीच चढलेली मान. मी दुकानातून उठले आणि परत बसले. सांगावं की नाही? म्हटलं, बाई गं, तू मधे पडू नकोस. रांगेत थांबलीय ना ती, तिच्या मनात असेल तेव्हा बोलेल.

दोघं उठून गेले. काका मान खाली घालून पुढचा कागद लावत होते. "हां, काय लिहायचंय?"

"बक्षीसपत्र," ती म्हणाली. "भावाकडून बहिणीला."

काकांनी वर पाहिलं. त्यांच्या तोंडातून "सुमे" एवढंच निघालं आणि ते उठायला लागले.

"बस. आधी लिही," ती म्हणाली. "कशासाठी देतोस ते मी सांगणार. तुझे ते शब्द घालायचे नाय."

ते बसले. ती उभ्यानेच सांगत गेली, सावकाश, एकेक वाक्य संपेपर्यंत थांबून. "बापूस गेल्यावर माझं नाव काढलान. मला विचारलान नाय. मी गप होतंय, ते हो नव्हतं. अठरा वर्षांनी भावानं विचारलान. नाव लावा, माझ्या मनात आहे." काकांनी अक्षर न् अक्षर तसंच उतरवलं. दस्तात असलं कुणी लिहीत नाही. साहेब काय म्हणतील, असं माझ्याही मनात आलं.

"वाच," ती म्हणाली.

काका वाचायला लागले. 'मला विचारलान नाय' इथपर्यंत आले आणि त्यांचा आवाज गेला. चष्मा काढला, पुसला, परत घातला, पुन्हा तिथूनच सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. मग सुमनने पिशवी टेबलावर ठेवली, त्यांच्या हातातून कागद घेतला आणि पुढचं स्वतः वाचलं, मोठ्याने, शेडच्या पार त्या टोकाला ऐकू जाईल असं.